जेवायला बसवणाऱ्या टिपणीसबाई

टिपणीसबाईंना चांगली माणसं आवडत नसत. वाईट माणसांचं त्यांना फारसं काही वाटायचं नाही. "वाईट माणूस निदान वेळेवर जेवतो," असं त्या म्हणायच्या. पण कुणी हळवा चेहरा करून गरिबांविषयी बोलू लागलं की त्या पर्समधून भाजलेल्या शेंगांची पुडी काढायच्या आणि त्याच्या तोंडासमोर एकेक शेंग फोडून खात बसायच्या. माझ्यासमोर त्यांनी जेवढ्या शेंगा खाल्ल्या, तेवढ्या अख्ख्या जव्हारमध्ये दुसऱ्या कुणासमोर खाल्ल्या नसतील.

मी तेव्हा जव्हारच्या एका अध्यापक विद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवत होतो. म्हणजे डी.एड.च्या मुलामुलींना व्याख्या उतरवून देत होतो. मूळचा मोखाड्याचा. आजोबा भात-नाचणी पिकवणारे, वडील पंचायत समितीत कारकून, मी मास्तरांचा मास्तर. घर एकेक पायरी वर चढत गेलं आणि प्रत्येक पायरीवर थांबून आम्ही खाली बघत हळहळत राहिलो. हळहळणं हा आमच्या घरचा कुळाचार होता. जेवताना तर हटकून. पहिला घास हातात घेतला की कुणीतरी म्हणायचंच, "आपल्याला मिळतंय बाबा, तिकडे काय हाल असतील."

"तिकडे" म्हणजे वांगणीकडे. त्या बाजूच्या पाड्यांवर कुपोषणानं लहान मुलं दगावली, त्या वर्षी आमच्या रस्त्यावर पहिल्यांदा पांढऱ्या मोटारींची रांग दिसली होती. मोटारी आल्या तशा गेल्या. मला मात्र ते लागून राहिलं, आणि पुढे काही वर्षांनी मी आमच्या मुलींच्या वसतिगृहात "एक घास" नावाचा उपक्रम सुरू केला. मुलींनी जेवणाआधी डोळे मिटायचे, उपाशी मुलांची आठवण काढायची, आणि शिजवायच्या तांदळातून प्रत्येकीच्या नावाची एक मूठ बाजूला निघायची. तो तांदूळ वांगणीला जाणार, अशी कल्पना. साठ मुली डोळे मिटून बसलेल्या पाहिल्या की माझा ऊर भरून यायचा. प्राचार्यांनी भिंतीवर त्याची पाटी लावली होती.

टिपणीसबाई जव्हारला आल्या त्या नव्या शतकाच्या तोंडावर. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्या मानसोपचार विभागात होत्या. मुदतीआधी नोकरी सोडून, भाड्याची दोन खोल्यांची जागा घेऊन, इथल्या एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून दोनदा बसू लागल्या. पहिल्याच भेटीत मी भारावून विचारलं, "आपण सेवेसाठी इथं आलात?"

"दमा आहे म्हणून आले," त्या म्हणाल्या. "दम्याला सेवा लागत नाही, हवा लागते."

ठेंगण्या, काळ्यासावळ्या, सुती साडीखाली पुरुषी बूट, मनगटावर मोठ्या तबकडीचं घड्याळ. खायच्या मात्र मन लावून. आणि त्यांची एक सवय इथल्या लोकांना चक्रावून टाकायची: कुणी काही घेता का विचारलं, तर त्या पहिल्याच विचारण्याला हो म्हणायच्या. आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं असतं, तिसऱ्यांदा "बरं, थोडंसं" म्हणायचं असतं. माझ्या बायकोनं पहिल्या वेळी रीतीनं विचारलं, "पोहे घेणार का थोडे?" बाई म्हणाल्या, "हो. आणि थोडे कशाला?" बायकोला तो उद्धटपणा वाटला. पुढच्या खेपेला मात्र तिनं आधीच मोठी बशी काढून ठेवली, आणि मला म्हणाली, "बरं वाटतं हो. बाकीच्यांच्या मिनत्या करून जीव जातो."

माझी भाची योगिता आमच्याच विद्यालयात डी.एड. करत होती आणि वसतिगृहात राहत होती. ती एके सकाळी प्रार्थनेला उभी असताना कोसळली.

आधी सगळ्यांना वाटलं, जेवणातून विषबाधा. प्राचार्यांनी तातडीनं स्वयंपाकघराला कुलूप लावलं. त्यामुळे साठ मुली दिवसभर उपाशी राहिल्या, आणि त्या सगळ्या ठणठणीत आहेत हे सिद्ध झालं. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्षार फार उतरलेत, म्हणाले, असंच चालू राहिलं तर हृदय बंद पडू शकतं. ही मुलगी वरचेवर उलट्या करते असं दिसतंय. उलट्या म्हटल्यावर नर्सनं माझ्या बहिणीला बाजूला घेऊन पोरीची पाळी विचारली. ती शंका खोटी ठरली, पण विचारली गेली एवढं वसतिगृहाला पुरलं. प्राचार्य मला म्हणाले, "तुमची भाची म्हणून गप्प बसतो. पुन्हा असं झालं तर नाव कमी करून घरी पाठवीन. मुलींच्या वसतिगृहात बोभाटा नको." बहीण म्हणाली, बाहेरचं असेल, भगताला दाखवू.

मी बाईंकडे गेलो. भगताचंही सांगितलं. मला वाटलं चिडतील.

"भगताचं मला वावडं नाही," त्या म्हणाल्या. "तो निदान रोग्याच्या घरी जाऊन कोंबडी तरी खातो. तुमचे प्राचार्य काय खातात?"

योगिताशी बोलून आल्यावर त्यांनी मला आजार समजावला. दिवसभर पोटाला चिमटा घ्यायचा, मग एकदा बांध फुटतो आणि हाताला लागेल ते माणूस खात सुटतो, मग भीती वाटून ते सगळं उलटून टाकतो, आणि पुन्हा ठरवतो की उद्यापासून कमी खायचं. तिथून पुन्हा तेच. मी म्हणालो, "इथं? या तालुक्यात? लोकांना खायला मिळत नाही आणि आमची पोरगी..."

बाईंनी शेंगांची पुडी काढली.

त्यांच्या मुंबईच्या एका जुन्या सहकाऱ्यानं या आजाराच्या उपचाराचं इंग्रजी पुस्तक छायाप्रत काढून पाठवलं. ते मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. उपचाराचा गाभा सरळ होता: माणूस मनाशी काय समजतो त्यावरून तो वागतो, तर ती समजूत त्याच्याबरोबर बसून तपासायची आणि वागणं हळूहळू बदलायचं. मी रात्रंदिवस खपून पहिलं प्रकरण नेऊन दिलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "अतिभक्षण-वमन विकार."

बाईंनी चष्मा वर केला. "हा आजार आहे की यज्ञ?"

मग लाल पेन्सिल घेऊन त्या बसल्या. पुस्तकात न्याहारीला टोस्ट आणि फळांचं सॅलड होतं. "जव्हारच्या बाजारात मिळतं का? नाही? मग खोडा." आरशासमोर उभं राहून आपल्या शरीराकडे प्रेमानं बघायचं होतं. वसतिगृहात एकच हातआरसा होता, त्यात एका वेळी एक डोळा दिसायचा. "कुठल्या डोळ्यावर प्रेम करायचं ते मुलीला विचारून घ्या." दर आठवड्याला वजन करायचं होतं. "या भागात वजनकाटा दिसला की बायका पोरं घेऊन मागच्या दारानं जातात. काट्यामागून साहेब येतो, साहेबामागून फोटो. खोडा." खाल्लेला प्रत्येक पदार्थ आणि मनात आलेला विचार लिहून ठेवायचा होता. "वसतिगृहात? संध्याकाळपर्यंत साठ मुलींचं पाठ होईल. खोडा."

"मग राहिलं काय?" मी विचारलं.

"ठरलेल्या वेळी जेवायचं हे राहिलं. तेच तर औषध आहे. बाकीची सजावट."

पण वसतिगृहात दोनच वेळा जेवण. मधल्या लांबलचक पोकळीतच योगिताचा घात व्हायचा. सकाळी आणि संध्याकाळी तिला नाचणीची भाकरी आणि गूळ द्या, असं बाईंनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "एकीला वेगळं देता येत नाही, नियमात बसत नाही."

"मग सगळ्यांना द्या. सगळ्यांचीच हाडं दिसतायत. नियमात हाडं बसतात का?"

"तेवढं धान्य नाही, मॅडम."

बाई उठल्या आणि कोठीत शिरल्या. मीही मागोमाग गेलो. कोपऱ्यात पोती रचून ठेवली होती.

"ही कुणाची?"

"वांगणीची," मी म्हणालो. "एक घासची."

"मग इथं काय करतायत?"

"जीप मिळत नव्हती. मग पावसाळा लागला, रस्ता गेला. मग परीक्षा..."

त्यांनी एका पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ काढला. त्यात किडे वळवळत होते. "वांगणीच्या लोकांना कळवलंत का," त्यांनी विचारलं, "की तुमच्या नावानं आम्ही जव्हारला किडे पाळलेत म्हणून?"

मुलींच्या सकाळ-संध्याकाळच्या भाकरीची सोय त्यांनी कशी केली ते मला पूर्ण ठाऊक नाही. दवाखान्याच्या विश्वस्तांशी त्या फोनवर अर्धा तास भांडल्या एवढं ठाऊक आहे. सगळ्या साठ मुलींना भाकरी सुरू झाली. आणि योगिताला त्यांनी ती पोती निवडायला बसवलं.

त्याचं असं झालं होतं की टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकून बोलण्याचा पुस्तकी प्रकार सपशेल फसला होता. योगिता मान खाली घालून "हो मॅडम, नाही मॅडम" एवढंच म्हणायची. म्हणून बाईंनी खुर्च्या काढल्या. जेवण झालं की तासभर वसतिगृहाच्या मागच्या ओसरीवर दोघींनी दोन सुपं घेऊन बसायचं, किडे-खडे काढायचे. तोच तास उलटीच्या धोक्याचा असायचा. बाई सांगायच्या, "माझ्याकडे बघायचं नाही. सुपाकडे बघायचं. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर खडे मोज."

तरीही दोन महिने काही हललं नाही. बाई पुस्तकाप्रमाणे विचारत होत्या, आपण जाड आहोत असं वाटतं का, कुणी अंगकाठीवरून बोललं का, लग्नाचं कुणी काही म्हणालं का. योगिता नुसती खांदे उडवायची. आणि मग एक दिवस बाई माझ्या घरी आल्या, पोहे मागून खाल्ले आणि म्हणाल्या, "ते वजनाचं आणि बांध्याचं प्रकरण तुम्ही केलंत ना मराठीत? फाडून टाका."

"का? चुकलं का भाषांतर?"

"भाषांतर वाईट आहेच. पण चुकले मी. दोन महिने मी गाढवासारखी पुस्तकातल्या मुलीवर उपचार करत होते. तुमच्या घरात जेवताना काय बोलतात?"

मी अभिमानानं सांगितलं. योगिताचे वडील, म्हणजे माझे दाजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बरीच वर्षं वांगणीला होते. आठवडाभर तिकडे राहायचे, शनिवारी घरी यायचे. रात्रीच्या जेवणाला ताटावर बसले की अर्ध्या भाकरीत हात आखडायचे. म्हणायचे, "मला जात नाही. तिकडची पोरं डोळ्यांसमोर येतात." बहीण डोळे पुसायची. योगिता लहान होती, तीही मग ताट सरकवायची, आणि दाजी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, "पोरीला समज आहे."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेंगासुद्धा काढल्या नाहीत. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

बाई माझ्याकडे येण्याआधी ओसरीवर त्या दिवशी काय बोलणं झालं होतं हे मला योगितानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. बाईंनी त्यातलं अक्षरही कधी बाहेर काढलं नाही.

"काय जेवलीस?" बाईंनी विचारलं होतं.

"भात."

"किती?"

"खूप."

"म्हणजे शेजारच्या मुलीपेक्षा जास्त?"

"नाही. तिच्याइतकाच."

"मग खूप कसा?"

योगिता बराच वेळ सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "तो माझा नव्हता."

"कुणाचा होता?"

"तिकडच्यांचा."

बाईंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "बरं. मग तू तो उलटून टाकतेस. टाकल्यावर तो तिकडे जातो?"

"नाही."

"कुठे जातो?"

"मोरीत."

"मोरी उपाशी होती का गं?"

योगिता सांगते, "मामा, मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून मला स्वतःचा इतका राग आला की मी सूप फेकून दिलं." बाईंनी सांडलेला तांदूळ तिला परत वेचायला लावला आणि तोवर तास उलटून गेला.

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. पण जेवतानाच्या बोलण्याविषयी बाईंनी विचारलं त्यावरून काय समजायचं ते मी समजलो. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि सगळं बोललो. की हे आम्हीच केलं. दाजींनी घरी सुरू केलं आणि वसतिगृहात मी त्याची प्रार्थना करून टाकली. रोज दोनदा तिचे डोळे मिटवून मी तिच्या ताटात उपाशी मुलं आणून बसवली. बोलता बोलता मला रडू आलं.

बाई मधेच उठून चहाचं आधण ठेवून आल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? चहा घेणार?"

"नको," मी म्हणालो.

"बघा. हे असं आहे तुमचं घराणं. रडून घसा सुकला तरी चहा नको." त्यांनी कप माझ्यासमोर आपटला. "तुमच्या वाईट वाटण्यानं तिच्या रक्तातले क्षार वाढणार असते, तर मी तुम्हाला जेवणानंतर दोनदा रडायला लावलं असतं. तुमची प्रार्थना बंद करा. मुलींना डोळे उघडे ठेवून जेवू द्या. ताटात काय वाढलंय ते दिसलं पाहिजे. आणि रविवारी मोकळे राहा, आपल्याला वांगणीला जायचंय."

उपचारात एक टप्पा असा होता की मनातली समजूत प्रत्यक्षात जाऊन पडताळून बघायची. योगिताची समजूत अशी की आपण खाल्लं म्हणजे तिकडच्यांचं खाल्लं, आणि त्यांना ते कळलं तर ते आपल्यावर थुंकतील. तर तिकडच्यांकडेच जायचं आणि त्यांच्यासमोर खायचं, असं बाईंनी ठरवलं. वाटेत जीपमध्ये त्यांनी एकच नियम सांगितला: कुणी विचारलं की पहिल्यांदाच हो म्हणायचं.

भात कापून झाला होता. जीप जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे चालत. चढावर बाई दर थोड्या वेळानं थांबून तोंडात पंप मारायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तोंड सरळ करा. मी मेले नाही."

दाजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर. घरात त्याची आई, सोनीबाई. योगिताला तिनं बापाच्या चेहरेपट्टीवरून लगेच ओळखलं, "मास्तरांची पोरगी गं ही," म्हणत तिचा गाल ओढला आणि थेट चुलीपुढे बसली. थोड्या वेळानं आमच्यापुढे नाचणीची गरम भाकर, उडदाची आमटी आणि सुकटाची चटणी आली.

योगितानं भाकरीचा तुकडा मोडला. खाल्ला. दुसरा मोडला. माझी भाकरी संपत आली तशी सोनीबाईनं दुसरी पुढे केली. आणि माझ्या तोंडून, आयुष्यभराच्या सवयीनं, कळवळून निघून गेलं, "नको, नको. भूक नाही. तुम्हाला राहू द्या."

योगिताचा हात ताटातच थांबला.

बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरू शकत नाही. पण त्यांच्या आधी सोनीबाईच बोलली. भाकर तिनं तशीच हातावर धरून ठेवली होती.

"गुरजी, मागं साहेब आलते, त्यांनीबी असंच तोंड केलं. भाकर नको, चाय नको. फोटू काढला नि गेलं. तुम्हीबी काढा फोटू नि जा."

"तसं नाही हो, मावशी..."

"मंग कसं? आमची भाकर तुम्हाला पचत नाय का?" मग ती योगिताकडे वळली. "तुझा बापूस असा नव्हता गं. शनवारी घरी निघायच्या आधी इथंच बसायचा, तू बसलीस तिथं. तीन भाकरी खायचा. उतार उतरायला बळ पायजे म्हणायचा."

योगितानं मान वर केली. "तीन?"

"तीन. वर आंबील. नि आम्हाला बरं वाटायचं ना. जो मास्तर खातो तो राहतो. ज्याला आमचं खायाला लाज वाटते तो बदली करून पळतो. तुझ्या बापसाच्या आधीचे दोघं असेच पळाले, नको नको करीत."

बाईंच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं दम्याचा झटका. बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पंप सापडत नाही इतकं हसत होत्या. "म्हणजे शनिवारी रात्री," त्या कशाबशा म्हणाल्या, "त्या माणसाचं पोट भरलेलं असायचं. आणि तुम्ही सगळे ताटं सरकवून बसायचात."

दाजी खोटारडे नव्हते. तिकडे खाल्ल्याची लाज त्यांना घरी येऊन वाटत असेल, आणि ती सांगता येत नसेल. आमच्या घराण्यात तसंच असतं. पण ते मी आज म्हणतो. तेव्हा मी मुकाट्यानं दुसरी भाकरी घेतली आणि ती घशाखाली ढकलत राहिलो, आणि बाई माझ्यावर अशी नजर ठेवून होत्या की जणू आजारी मीच. योगितानं तिची भाकरी संपवली. नंतर तासभर ती अंगणात सोनीबाईबरोबर उडीद झोडपत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोनदा ती उठली, घराच्या मागच्या बाजूला बघितलं, आणि परत बसली.

"बदली होते का गं तुझी, मास्तरीण झालीस की?" सोनीबाई तिला विचारत होती. "मंग इथं ये. पण खाणारी असलीस तर."

योगिता त्या दिवशी बरी झाली असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती, आणि बाईंनी ती वाचून शेंगांची पुडी काढली असती. ती त्यानंतर कित्येकदा घसरली. वार्षिक परीक्षेच्या आधी तर आठवडाभर. ती रडत बाईंकडे जायची आणि आपण किती वाईट आहोत ते सांगू लागायची. बाई तिला वाक्य पुरं करू द्यायच्या नाहीत. एकच प्रश्न विचारायच्या, "पुढचं जेवण किती वाजता आहे?" तिनं वेळ सांगितली की म्हणायच्या, "मग तोंड धू आणि वेळेवर ये." प्राचार्यांनी दोनदा नाव कमी करण्याची भाषा केली. दोन्ही वेळा बाई त्यांच्या खोलीत जाऊन दार लावून बोलल्या. काय बोलल्या ठाऊक नाही. दुसऱ्यांदा त्या बाहेर आल्यावर प्राचार्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि "एक घास"ची पाटी त्या आठवड्यात भिंतीवरून उतरली.

हळूहळू घसरण्यांमधलं अंतर वाढलं. योगिता डी.एड. झाली. मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. दूर, एकटी राहणार म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. तिच्या ताटावर आता कुणाची नजर असणार? मी हे बाईंना बोलून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथं जाऊन राहा. म्हणजे महिन्यात पुन्हा आजारी पडेल."

पुढे बाईंचा दमा इतका वाढला की जव्हारची हवाही त्यांना पुरेना. नाशिकला त्यांची बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. निरोप समारंभ करू म्हटलं तर "मी मेल्यावर करा, तेव्हा मला ऐकावं लागणार नाही" म्हणाल्या. सामान जीपच्या टपावर बांधलं. मी मोखाड्यापर्यंत सोबत निघालो. मोखाडा आलं तेव्हा बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "आत घे. त्या पाड्यावर."

शाळेची मधली सुट्टी नुकतीच झाली होती. व्हरांड्यात खिचडीचं पातेलं उतरवलेलं, मुलं ताटल्या घेऊन रांगेत उभी. योगिता आम्हाला बघून पायऱ्या उतरून आली नाही. नुसती हसली आणि हातानं थांबा अशी खूण केली. मी तिच्याकडे नीट बघून घेतलं. गाल भरलेत की सूज आहे, डोळे कसे दिसतात. मला दुसरं काही बघताच येत नव्हतं.

बाई पातेल्याजवळ गेल्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईला म्हणाल्या, "वास चांगला येतोय. दे बघू मला."

"थांबा बाई," योगिता म्हणाली. "नियम आहे. मुलांच्या आधी शिक्षकानं चाखायची. आधी मी."

तिनं एक ताटली उचलून पुढे केली, वाढून घेतली आणि पायरीवर बसली. सगळी रांग तिच्याकडे बघत होती. ती सावकाश जेवत होती. एकदा फुंकर मारली, एक मिरची बाजूला काढली. रांगेतल्या पहिल्या पोरानं पाय बदलले. "बाय, झाली का? भूक लागली."

"थांब रे. मीठ बघते अजून," योगिता म्हणाली आणि आणखी एक घास घेतला. मग आणखी एक. ताटली रिकामी झाली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "चांगली आहे. आता मुलं. मग उरली तर पाहुणे."

मी बाईंकडे बघितलं. त्या काहीतरी टाकून बोलतील म्हणून वाट बघत होतो. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "मॅडम, घाटात ढग उतरायला लागले, मग रस्ता दिसायचा नाय."

"नाही दिसला तर नाही दिसला," बाई म्हणाल्या.

त्यांनी ढिगातली एक स्टीलची ताटली घेतली, पदरानं पुसली आणि रांगेच्या अगदी शेवटी, पहिलीतल्या एका चिमुरड्या मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. रांग हळूहळू सरकत होती. ती मुलगी पुन्हा पुन्हा वळून त्यांचे बूट बघत होती.

"माझ्याकडे काय बघतेस," बाई तिला म्हणाल्या. "पुढे बघ. तुझा नंबर जाईल."